कुलूप आधी लागतं, आग नंतर

9 मे 2019 च्या पहाटे पुण्याजवळ उरुळी देवाचीला साड्यांच्या एका मोठ्या दुकानाला आग लागली. आत पाच कामगार झोपलेले होते. रात्री दुकान वाढवल्यावर दाराला बाहेरून कुलूप पडलं होतं. पाचही जण आतच गुदमरून गेले. साड्याही गेल्या.

असं कुलूप आपल्याकडे हजारो ठिकाणी रोज रात्री लागतं. ते लावणाऱ्याच्या मनात कुणाचा जीव घ्यावा असं काही नसतं. त्याला माल सांभाळायचा असतो. चोरी होऊ नये, सकाळी हिशेब जुळावा, एवढाच त्याचा विचार. पण आग लागली तर काय वाचवायचं आणि काय जाऊ द्यायचं, याचा निकाल त्या कुलपाने देऊन टाकलेला असतो. तोही आगीच्या कितीतरी आधी, शांत डोक्याने, किल्ली खिशात टाकताना.

तरुणांच्या शिबिरात किंवा मित्रमंडळींच्या गप्पांत एक प्रश्न हौसेने विचारला जातो: घराला आग लागली तर तुम्ही कोणती एक वस्तू घेऊन बाहेर पडाल? कुणी आईचा फोटो सांगतं, कुणी आजोबांची पोथी, कुणी लॅपटॉप, कुणी लग्नातला शालू. उत्तरावरून माणसाचा स्वभाव कळतो, असं मानतात. मला हा प्रश्न घातक वाटतो. आग लागल्यावर आपल्याला निवड करायला सवड मिळणार आहे, हा भ्रम तो मनात रुजवतो. ती सवड मिळत नाही. घरातल्या आगीत माणसं बहुधा ज्वाळेने मरत नाहीत, धुराने मरतात. सोफ्यातला आणि गादीतला फोम पेटला की त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, हायड्रोजन सायनाइड निघतो. चार-दोन श्वासांत माणसाला दिशा कळेनाशी होते. छताशी साठलेला तापलेला धूर काही मिनिटांत सबंध खोली एकाच वेळी पेटवतो. कपाट उघडून काय घ्यावं हे बघत उभं राहायला त्यात जागाच नाही.

मग खरी निवड होते कुठे? ती होते आपण ग्रिल बसवतो तेव्हा, जिन्यात जुनं कपाट आणून ठेवतो तेव्हा, दुकानाच्या वर बिऱ्हाड थाटतो आणि वर जायचा रस्ता दुकानातूनच ठेवतो तेव्हा. 3 एप्रिल 2024 च्या पहाटे छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात खालच्या शिलाईच्या दुकानाला आग लागली आणि वर चढलेल्या धुराने एकाच कुटुंबातली सात माणसं गेली. त्याआधी ऑगस्ट 2023 मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत हार्डवेअरच्या दुकानातच राहणारं चौघांचं कुटुंब गेलं. 6 ऑक्टोबर 2024 ला चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत पुन्हा तेच, पुन्हा सात जण. गावं वेगळी, नावं वेगळी, घराची रचना थोड्याफार फरकाने तीच: खाली दुकान, वर संसार, आणि वरच्यांचा जीव खालच्या मालाच्या पलीकडे अडकलेला. दर वेळी आपण शॉर्टसर्किटला दोष देतो. तो असेलही. पण वायरीने फक्त आग लावली, वाट वायरीने बंद केली नव्हती.

शहरातल्या बऱ्या स्थितीतल्या सोसायट्यांनी हे गरिबांचं दुखणं समजून पुढे जाऊ नये. आपल्या जिन्यांकडे एकदा बघा. प्रत्येक मजल्यावर चपलांची कपाटं, मुलांच्या सायकली, कुंड्या, मोडीत जायची वाट बघणारी गादी, खाली पॅसेजमध्ये चार्जिंगला लावलेली इलेक्ट्रिक स्कूटर. गच्चीच्या दाराला कुलूप, किल्ली सेक्रेटरींकडे, सेक्रेटरी गावाला. खिडक्यांना बॉक्स ग्रिल, त्यात वॉशिंग मशीन आणि कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. चोराच्या भीतीने आपण स्वतःलाच आत डांबून घेतलं आहे. ग्रिल काढून टाका असं मी म्हणत नाही. दोन फूट रुंदीचा भाग बिजागऱ्यांवर, आतून उघडेल असा करून घ्यायला वेल्डिंगवाल्याला अर्धा दिवस पुरतो. महाराष्ट्राचा 2006 चा आग प्रतिबंधक कायदा ही जबाबदारी मालकावर आणि वापरणाऱ्यावर टाकतो. ज्या इमारतींना तो लागू आहे, त्यांनी परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा तपासून दर जानेवारीत आणि जुलैत ‘नमुना ब’ दाखला द्यायचा असतो. किती सोसायट्यांच्या वार्षिक सभेत तो कागद कुणी मागितलेला असतो? पार्किंगवरून तास तास भांडण चालतं. या दाखल्यावर एक ओळही इतिवृत्तात येत नाही.

आता बाहेर पडलेल्या माणसांविषयी. अग्निशमन दलातल्या माणसांना एक गोष्ट सतत सांगावी लागते: बाहेर आलात ना, मग परत आत जाऊ नका. तरी लोक जातात. आपण त्यांना ‘वस्तूंचा मोह सुटत नाही’ म्हणून मोकळे होतो. मला हा निवाडा अन्यायाचा वाटतो.

सोन्याचंच घ्या. सोनं 1064 अंश सेल्सिअसला वितळतं. घराची आग कधीकधी त्याच्या जवळपास जाते, पण लोखंडी कपाटातल्या डब्यात ठेवलेले दागिने पुष्कळदा शाबूत सापडतात, आणि वितळले तरी त्या गोळ्याचं सोनंपण कुठे जात नाही. घडणावळ जाते, वजन राहतं. जळक्या वस्तीत दुसऱ्या दिवशी बायका घमेल्यात राख घेऊन ती चाळताना, पाण्याने धुऊन बघताना दिसतात, त्या वेड्या नसतात. त्यांना सोन्याचा गुण ठाऊक असतो. म्हणजे सोनं थांबू शकतं, श्वास थांबू शकत नाही. नोटांचंही तसंच. अगदी कोळसा झालेल्या नोटा नेहमीच्या बँकेच्या काउंटरवर घेत नाहीत, पण त्या हलक्या हाताने डब्यात भरून रिझर्व्ह बँकेच्या कचेरीत नेल्या तर तपासून त्यांचा निवाडा करण्याची पद्धत आहे. हे शाळेत शिकवायला हवं, भाजणीच्या पिठाच्या डब्यात पैसे ठेवणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक हवं.

पण ठाऊक असूनही एखादी म्हातारी पाटल्यांसाठी आत धावते, ते का? घर मुलाच्या नावावर, जमीन दिराच्या, बँकेचं खातं नवऱ्याबरोबर जोडलेलं. तिच्या एकटीच्या मालकीचं या जगात जे आहे ते त्या डब्यात आहे. नवरा गेल्यावर सुनेपुढे हात पसरायची वेळ येऊ नये म्हणून तिने ते आयुष्यभर राखलेलं असतं. तिला तुम्ही ‘सोन्यापेक्षा जीव मोठा’ हे काय शिकवणार? तिचा जीव त्या सोन्यावाचून किती स्वस्त होतो हे तिने चाळीत, वाड्यात, आपल्याच बहिणींच्या घरात पाहिलेलं असतं. तिला आगीत परत जाऊ द्यायचं नसेल तर घराच्या कागदावर तिचं नाव आलं पाहिजे. महाराष्ट्रात बाईच्या नावाने घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. लोक ती सवलत घेतात, आणि पुढे व्यवहाराच्या वेळी सही कुठे करायची एवढंच तिला सांगतात. अशी नावापुरती मालकी तिला आगीच्या दारात थांबवणार नाही. आपलं घर आहे, खातं आहे, त्यातले पैसे कुणाला न विचारता काढता येतात, हे ज्या बाईने अनुभवलं आहे तिचे पाय दाराबाहेर आपोआप टिकतील.

सोन्याहून जास्त माणसं ज्यासाठी आत वळतात ती वस्तू म्हणजे कागद. पत्र्याच्या पेटीतली, पलंगाखालची, प्लॅस्टिकच्या पिशवीत रबर लावून ठेवलेली ती चळत.

7 डिसेंबर 2015 ला कांदिवली पूर्वेच्या दामूनगरात आग लागली. गॅसचे सिलिंडर एकामागून एक फुटले आणि शेकडो झोपड्या बघता बघता गेल्या. अशा आगीनंतर धूर निवायच्या आत वस्तीत जो पहिला प्रश्न फिरू लागतो तो जेवणाचा नसतो. ‘कागदं वाचली का?’ हा असतो. ज्यांनी मुंबईच्या झोपडपट्टीत दिवस काढले नाहीत त्यांना याचं नवल वाटेल. पुनर्वसनाच्या घरासाठी झोपडी पात्र की अपात्र हे तारखेवर ठरतं. आधी ती तारीख 1 जानेवारी 1995 होती, मग 1 जानेवारी 2000 झाली, पुढे 2011 पर्यंतच्यांना पैसे भरून घर द्यायचं ठरलं. त्या तारखेआधी तुम्ही इथे राहत होता हे सिद्ध करायचं कशाने? फोटोपास, जुनं लाइटबिल, रेशनकार्ड, मतदार यादीतलं नाव. परिशिष्ट दोनमध्ये, म्हणजे पात्रांच्या यादीत, नाव आलं तर इमारतीत घर मिळतं, नाही आलं तर पंचवीस-तीस वर्षांचा संसार एका सहीत ‘अपात्र’ होतो. पंचवीस वर्षांपूर्वीचं पिवळं पडलेलं लाइटबिल म्हणजे त्या माणसाची शेतजमीन आहे, वाडा आहे, वारसा आहे. ते घ्यायला तो आत वळला तर त्याला मूर्ख म्हणण्याचा अधिकार मला नाही, तुम्हालाही नाही. त्या कागदाची नक्कल ज्यांच्या दप्तरात असायला हवी आणि मागितल्यावर मिळायला हवी, त्यांना जाब विचारायचा अधिकार मात्र आपल्या सगळ्यांना आहे.

कारण सरकारला हे दुःख परकं नाही. 21 जून 2012 ला मंत्रालयालाच आग लागली. पाच माणसं गेली आणि कित्येक खात्यांच्या फाइली जळाल्या. तेव्हा सरकारने काय केलं? जिल्ह्यांतून, इतर कचेऱ्यांतून नकला मागवून फाइलींची पुनर्बांधणी केली. जळालेल्या फाइलीवर अवलंबून असलेला निर्णय ‘मूळ कागद सादर करा’ म्हणून फेकून दिला नाही, आणि ते योग्यच होतं. हीच सवलत जळालेल्या झोपडीला का नाही? वीज कंपनीकडे जुन्या ग्राहकाची नोंद असते. मतदार यादी निवडणूक कचेरीत असते. रेशनची नोंद शिधावाटप कचेरीत असते. आग लागलेल्या वस्तीत चार दिवस टेबल टाकून, या नोंदी एकमेकींशी ताडून, पात्रतेचा दाखला तिथेच हातात देणं अशक्य आहे का? आज उलटं चालतं. पंचनाम्याला आलेला माणूस आधी विचारतो, इथे राहत असल्याचा पुरावा काय? आणि पुरावा त्याच्या पायाखालच्या राखेत असतो. जोवर एका माणसाचा हक्क एका कागदाच्या एकाच प्रतीवर टांगलेला आहे, तोवर लोक आगीत परत जात राहतील, आणि त्या मरणाला अपघात म्हणून चालणार नाही.

जे आपल्या हातात आहे ते तरी करू. आधार, गुणपत्रिका, गाडीचं पुस्तक यांसारखे बरेच कागद डिजिलॉकरमध्ये उतरवता येतात आणि ते मूळ कागदाइतकेच ग्राह्य धरावेत असा नियम आहे. खरेदीखताची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधकाकडून मिळते, डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या काढता येतो, बोर्डाच्या गुणपत्रिकेची दुसरी प्रत निघते. बाकीच्यांचे फोटो काढून दोन नातेवाइकांच्या फोनवर पाठवून ठेवायचे. वस्तीतली शिकलेली मुलं एका रविवारी घरोघर जाऊन हे करू शकतात. गणपतीच्या वर्गणीला जी मंडळं प्रत्येक दारात पोचतात, त्यांना हे काम जमणार नाही असं मला वाटत नाही. आणि ज्याच्याकडे हे झालं आहे त्याने स्वतःला बजावून ठेवायचं की त्या पेटीत आता कागदच आहेत, आपला हक्क दुसरीकडे सुखरूप आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती. वस्तूंची यादी करताना आपण माणसांची मोजणी पुरी केलेली असते का?

आपल्या आदिपर्वात आगीतून सुटकेची एक गोष्ट आहे. वारणावताचं लाक्षागृह. विदुराने पाठवलेल्या खणकाने भुयार खणलं आणि त्यातून पांडव कुंतीसह निसटले. लहानपणापासून ही गोष्ट आपण चातुर्याची म्हणून ऐकतो. त्या रात्री कुंतीने घातलेल्या जेवणाला एक निषाद बाई तिच्या पाच मुलांसह आली होती आणि ती सगळी तिथेच झोपी गेली होती, हे कथेकरी बुवा पटकन उरकतात. सकाळी राखेत त्या सहा जणांचे देह सापडले, लोकांना ते कुंतीचे आणि पांडवांचे वाटले, आणि कथा पुढे सरकली. त्या बाईचं नाव महाभारतात नाही. वाचवायच्या माणसांत ती मोजलीच गेली नव्हती.

ही मोजणी आजही तशीच चालते. 18 डिसेंबर 2017 ला साकीनाक्याच्या खैरानी रोडवर फरसाणच्या दुकानात आग लागून 12 कामगार गेले. जिथे काम तिथेच झोप. ज्या घरात स्वयंपाकघराच्या फरशीवर चोवीस तासांची बाई झोपते, त्या घरात सेफ्टी डोअरची किल्ली रात्री कुणाच्या उशाशी असते? तिला ती कुठे आहे हे सांगितलेलं असतं का? आजारी माणसाजवळ ठेवलेल्या आयाला गॅसचा रेग्युलेटर बंद करता येतो, पण इमारतीचा दुसरा जिना कुठे उतरतो हे तिला कुणी दाखवलेलं नसतं. वॉचमन जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत झोपतो, जिथे आग सगळ्यात आधी लागण्याची शक्यता असते. आपण वाईट माणसं नाही. आपण त्यांना दिवाळीला बोनस देतो, जुने कपडे देतो. पण आपल्या घराचा दरवाजा त्यांना आतून उघडता येतो का, हा विचार आपल्याला शिवत नाही, आणि त्या न शिवण्यातच जातीचा, पैशाचा सगळा जुना हिशेब शिल्लक आहे. ज्याला रात्री घरात ठेवलं त्याला बाहेर पडायची वाट दिलीच पाहिजे. त्यात उपकार काही नाही.

मुक्या जनावरांचंही सांगायला हवं. उन्हाळ्यात गोठे जळतात. कोकणात वणवा चढत येतो आणि गवताच्या उडव्या पेटतात, देशावर गोठ्याला लागून रचलेली कडब्याची गंज पेट घेते. बैल, म्हशी दावणीला बांधलेल्या असतात. त्यांना आग आपल्याआधी कळते, पण दाव्यापलीकडे जाता येत नाही. जळत्या गोठ्यात घाबरलेल्या जनावराच्या मानेखालची ताणलेली गाठ सोडणं भल्याभल्यांना जमत नाही, ती कापावी लागते. म्हणून धारेचा विळा गोठ्याच्या दाराशी, हाताला लागेल असा खोचलेला असावा, आणि गंज गोठ्यापासून लांब रचावी. थोडं जास्त चालावं लागेल वैरण आणायला. चालावं.

राहिल्या त्या मनाच्या वस्तू. आईच्या हातची गोधडी, वडिलांची पत्रं, वारीला नेलेली वीणा. त्या जळल्या तर माणसाने खुशाल रडावं, ‘जीव वाचला ना, मग कशाला रडतेस’ असं कुणी म्हणू नये. जळालेल्या घरापुढे रडणाऱ्याला हे वाक्य मी फार वेळा ऐकवलेलं पाहिलं आहे. त्या वस्तूंचं दुःख खरं असतं. मात्र त्यासाठी कुणी आत गेलं नाही, हे त्या दुःखाहून मोठं आहे, आणि ते आधी ठरलेलं असेल तरच घडतं.

म्हणून या आठवड्यात एका संध्याकाळी घरातल्या सगळ्यांना, कामाच्या बाईंनाही, एकत्र बसवा. कोणत्या दाराने बाहेर पडायचं, ते दार धुराने भरलं असेल तर दुसरं कोणतं, बाहेर कुठल्या झाडाखाली किंवा दुकानापुढे जमायचं. धुरात उभं राहायचं नाही, जमिनीलगत सरकत जायचं. बंद दार उघडण्याआधी हाताची मागची बाजू लावून बघायची, तापलेलं असेल तर उघडायचं नाही. बाहेर पडताना मागचं दार ओढून घ्यायचं, म्हणजे आग तेवढा वेळ अडते. लिफ्टला हात लावायचा नाही. 101 ला फोन बाहेर आल्यावर. मुलांना घराचा पत्ता पाठ आहे का, हे त्याच बैठकीत तपासून घ्या.

मग सगळ्यात अवघड प्रश्न येईल, तो टाळू नका: अंथरुणाला खिळलेल्या आजींना कोण उचलणार? मुलगा रात्रपाळीला असतो. सुनेच्या कडेवर तान्हं असणार. नातू बारा वर्षांचा. उत्तर घरात नसेल तर शेजारी जाऊन दार वाजवा आणि सरळ विचारा. संकोच वाटेल, कारण साखर मागायची सवय मोडली तशी माणूस मागायचीही मोडली आहे. शेजारचा मुलगा ‘हो’ म्हणाला की त्याला घरात घेऊन या. आजींची खोली कोणती, खाट कुठल्या भिंतीला, गुडघा दुखतो म्हणून त्यांना कोणत्या बाजूने धरायचं, चादरीसकट उचललं तर सोपं जातं का, हे त्याला आजींच्या देखत, त्यांनाच विचारत दाखवा, आणि एकदा उचलूनही बघायला सांगा.